रेडियम कटरवर मायक्रोफ्लुइडिक चिप : क्लीनरूमशिवाय काय जमतं आणि धंदा नेमका कशात आहे



१ एप्रिल २०१९ पासून नव्या गाडीला हाय सिक्युरिटी नंबर प्लेट कंपनीकडूनच लागून येते. पुढे महाराष्ट्रात जुन्या गाड्यांनाही ती सक्तीची झाली. सरकारच्या दृष्टीने चांगलंच आहे, पण इस्लामपूर, कराड, विट्यातल्या रेडियमवाल्यांचं नंबर प्लेटचं हक्काचं काम त्यात गेलं. कर्ज काढून घेतलेला कटिंग प्लॉटर दुकानात उभा आहे आणि दिवसाला दोन-चार स्टिकर निघतायत. "सर, या मशीनवर दुसरं काय करता येईल?" हा प्रश्न वारंवार येतो.

आजचा धडा त्याच प्रश्नावर आहे. विषय ऐकायला जड वाटेल, पण व्हिडिओ बघितला असेल तर निम्मं काम झालंय. आज लिहून घेऊ, म्हणजे आकडे हाताशी राहतील.

मायक्रोफ्लुइडिक चिप म्हणजे काय?

केसाएवढ्या किंवा त्याहून थोड्या जाड नळ्या कोरलेली एक पारदर्शक पट्टी. त्या नळ्यांतून रक्त, दूध, पाणी, औषध असा कुठलाही द्रव थेंबाथेंबाने फिरवायचा आणि त्यावर तपासणी किंवा प्रयोग करायचा. आपला केस साधारण ७० ते १०० मायक्रॉन जाड असतो. १,००० मायक्रॉन म्हणजे १ मिलिमीटर. या चिपमधल्या नळ्या काही दहा मायक्रॉनपासून काही शे मायक्रॉनपर्यंत असतात.

एवढ्या बारीक नळीत पाणी वेगळं वागतं. कराडचा प्रीतिसंगम डोळ्यासमोर आणा. कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात आणि एक होऊन काटकोनात वळतात. तिथं भोवरे होतात, पाणी ढवळतं, दोन नद्यांचं पाणी मिसळून जातं. आता हाच संगम नखाएवढा करा. एका बाजूने लाल रंगाचं पाणी सोडा, दुसऱ्या बाजूने पिवळं. भेटल्यावर दोन्ही रंग एकाच नळीत शेजारी-शेजारी चालत राहतात, मध्ये रेघ मारल्यासारखे!

कारण सांगतो. प्रवाह खळाळणार की शांत वाहणार हे ठरवणारा एक आकडा आहे, रेनॉल्ड्स नंबर. नळीत तो साधारण २,००० च्या वर गेला की भोवरे सुरू होतात. आपण आज बनवणार त्या चिपमध्ये तो १० च्याही आत राहतो. म्हणजे मिसळायला फक्त कणांची आपोआप होणारी हालचाल उरते, आणि ती फार सावकाश असते. रंगाच्या कणाला अर्धा मिलिमीटर ओलांडायला चारेक मिनिटं लागतात. तेवढ्यात पाणी चिपमधून कधीच बाहेर पडलेलं असतं. हा शांतपणाच चिपचा उपयोग आहे. किती द्रव, कुठे, किती वेळ भेटेल, हे आपल्याला आधीच ठरवता येतं.

क्लीनरूम कशाला लागते?

मूळची पद्धत कॉम्प्युटरच्या चिपवरून आली. सिलिकॉनच्या चकतीवर प्रकाशाने नक्षी उमटवायची, त्याचा साचा करायचा, साच्यावर पारदर्शक रबर ओतायचं. हे काम धूळविरहित खोलीत चालतं. आयएसओ ५ दर्जाच्या क्लीनरूममध्ये एका घनमीटर हवेत अर्धा मायक्रॉन किंवा त्याहून मोठे कण ३,५२० पेक्षा जास्त चालत नाहीत. साध्या खोलीच्या हवेत असे कण लाखो ते कोट्यवधी असतात. अशी खोली बांधायची आणि चालवायची म्हणजे आपल्यासारख्यांच्या आवाक्याबाहेरची गोष्ट.

पण जरा डोकं चालवा. नळी ५ मायक्रॉनची असेल तर २ मायक्रॉनचा कण मोठं संकट आहे. नळी १ मिलिमीटर रुंद आणि १०० मायक्रॉन खोल असेल, तर तोच कण वाहून जातो. म्हणजे क्लीनरूमची गरज नळीच्या मापावर ठरते. बरीच कामं १०० मायक्रॉनच्या वरच्या नळीत भागतात.

हे जगात आधी सिद्ध झालेलं आहे. २००५ मध्ये अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाच्या संशोधकांनी साइनबोर्डवाले वापरतात तसला कटिंग प्लॉटर घेऊन चिप बनवल्या आणि त्या पद्धतीला झुरोग्राफी असं नाव दिलं. ग्रीक भाषेत झुरॉन म्हणजे वस्तरा. थोडक्यात, वस्तऱ्याने केलेलं लेखन. म्हणजे बघा, आपला रेडियमवाला रोज झुरोग्राफीच करतोय, फक्त त्याला नाव माहीत नव्हतं!

दुसरं उदाहरण मिशेल खाइन यांचं. कॅलिफोर्नियातल्या मर्सेड इथल्या नव्या विद्यापीठात त्या प्राध्यापक म्हणून गेल्या, तेव्हा तिथं क्लीनरूम नव्हती. त्यांनी लहान मुलांच्या खेळण्यातली प्लॅस्टिक शीट घेतली. ही शीट गरम केली की आक्रसते. त्यावर साध्या लेझर प्रिंटरने नळ्यांची नक्षी छापली आणि छोट्या ओव्हनमध्ये ठेवली. शीट आक्रसली, नक्षी बारीक झाली, शाई उंच उठली आणि साचा तयार! ते काम २००८ मध्ये प्रसिद्ध झालं.

आपल्या बाजारपेठेतले चार रस्ते

*पहिला, रेडियम कटर.* दुहेरी चिकट टेपमध्ये नळी कापायची आणि ती दोन पारदर्शक शीटच्या मध्ये बसवायची. टेपची जाडी हीच नळीची खोली. शिकायला सर्वांत सोपा रस्ता हाच.

*दुसरा, लेझर कटर.* ट्रॉफी आणि नेमप्लेटवाल्यांकडे असतो तो. अ‍ॅक्रिलिकमध्ये नळी थेट कोरता येते. दोन गोष्टी ध्यानात ठेवा. लेझरने कापलेल्या अ‍ॅक्रिलिकवर ताण राहतो आणि अल्कोहोल लागलं की त्याला बारीक तडे जातात. आणि रेडियमचा स्टिकर हा पीव्हीसी असतो, तो लेझरमध्ये कधीही घालू नका. त्यातून निघणारा हायड्रोजन क्लोराइडचा धूर फुफ्फुसालाही वाईट आणि मशीनलाही.

*तिसरा, स्क्रीन प्रिंटिंग.* लग्नपत्रिकावाल्यांचं काम. हार्वर्डचे जॉर्ज व्हाइटसाइड्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये कागदाचीच चिप करून दाखवली. फिल्टर पेपरवर पाणी न शिरणाऱ्या भिंती उमटवायच्या, मधल्या वाटेने द्रव कागदच ओढून नेतो. पंप नको, वीज नको. पुढे थायलंडमधल्या संशोधकांच्या सहभागाने याच्या भिंती मेणाने, स्क्रीन प्रिंटिंगच्या जाळीतून काढण्याची पद्धत आली. मेण जाळीतून घासायचं, कागद गरम करायचा, मेण वितळून आत मुरतं. फक्त मेण बाजूलाही पसरतं, म्हणून वाट डिझाइनमध्ये मुद्दाम रुंद ठेवावी लागते.

*चौथा, माग.* हा ऐकून इचलकरंजीकर खूश होतील. बेंगळुरूच्या अचिरा लॅब्सने २०११ मध्ये रेशमी कापडाची चिप प्रसिद्ध केली. तपासणीचं रसायन लावलेले धागे हातमागावर विणायचे आणि कापडाच्या पट्ट्या कापायच्या. विणकराला जे येतं तेच इथं चिप बनवणं ठरलं.

चारही रस्त्यांत एक गोष्ट सारखी आहे. मशीन आणि हात दोन्ही तालुक्याच्या गावात आधीपासून आहेत.

करून बघू : संगम चिप

आजच्या धड्यासाठी पहिला रस्ता घेऊ.

साहित्य: १०० मायक्रॉन जाडीची पारदर्शक पॉलिस्टर शीट, म्हणजे जुनी ओएचपी शीट. दोन्ही बाजूंना कागद असलेला, पॉलिस्टर फिल्मचा १०० मायक्रॉन दुहेरी टेप, ए-४ शीटमध्ये. फोमचा किंवा टिश्यूचा टेप घेऊ नका, त्याच्या धाग्यांतून पाणी झिरपतं. चिमटा, हातरोलर, ५ मिलिमीटर अ‍ॅक्रिलिकचे छोटे ठोकळे, सलाईनच्या नळ्या आणि खाण्याचे रंग.

१. कॉम्प्युटरवर ७५ बाय २५ मिलिमीटरचा चौकोन काढा, सूक्ष्मदर्शकाच्या काचेएवढा. त्यात प्रीतिसंगमासारखी नळी काढा, १ मिलिमीटर रुंद. पहिल्याच दिवशी बारीक जायचा मोह टाळा. ३०० मायक्रॉनच्या खाली गेलात की ब्लेड टेपच्या कडा फाडू लागतं.

२. टेप हाफ कट करा. वरचा कागद आणि टेप कापला पाहिजे, खालचा कागद शाबूत राहिला पाहिजे. आधी कोपऱ्यात छोटा चौकोन कापून ब्लेडचा दाब बघा. नवं ब्लेड वापरा. नंबर प्लेटवर बोथट झालेलं ब्लेड इथं चालत नाही.

३. नळीचा भाग चिमट्याने उचलून टाका. तुकडा मागे राहिला तर नळी बंद.

४. वरच्या शीटला द्रव आत-बाहेर जायला भोकं प्लॉटरवरच कापून घ्या.

५. टेप खालच्या शीटवर चिकटवा, मग वरची शीट. एका कडेने सुरुवात करून रोलर पुढे नेत जा, म्हणजे हवेचे बुडबुडे अडकत नाहीत. नंतर सपाट वजनाखाली एक दिवस ठेवा. चिकट थराला पूर्ण पकड घ्यायला वेळ लागतो.

६. भोक पाडलेले ठोकळे त्याच टेपने वर बसवा आणि त्यात सलाईनची नळी घट्ट घाला.

आता स्वच्छतेचं. क्लीनरूम नको म्हटलं म्हणजे कशीही जागा चालते असं नाही. गळीत हंगामात आपल्या भागात साखर कारखान्याच्या चिमणीची काजळी गच्चीवर येऊन पडते, ती टेपवरही पडेल. खोली छोटी घ्या, फरशी ओल्या फडक्याने पुसा, पंखा बंद, खिडकी बंद, केसांना टोपी. पुढून हात घालता येईल अशी अ‍ॅक्रिलिकची पेटी करून त्यात जोडणी केलीत तर उत्तम.

खरी परीक्षा : दुसरी चिप पहिलीसारखी आहे का?

इथं नीट लक्ष द्या, कारण धंदा इथंच आहे. एक चिप कुणीही बनवेल. शंभर चिप सारख्या बनवणं हे काम आहे.

उथळ नळीतून किती पाणी जाईल हे खोलीच्या घनावर अवलंबून असतं. म्हणजे खोली १० टक्के कमी झाली, तर प्रवाह १० टक्के कमी होत नाही. ०.९ गुणिले ०.९ गुणिले ०.९ करा, ०.७२९ येतं. प्रवाह २७ टक्क्यांनी घटला! रोलर एका ठिकाणी जास्त दाबला, टेपचा दुसरा लॉट थोडा पातळ आला, की चिप दिसायला तीच राहते आणि उत्तर वेगळं देते.

हे मोजायला महागडं यंत्र लागत नाही. प्रत्येक ए-४ शीटवर एक चिप साध्या सरळ नळीची ठेवा, १ मिलिमीटर रुंद, ४० मिलिमीटर लांब. पाण्याची पातळी चिपपेक्षा २० सेंटिमीटर उंच ठेवा आणि १ मिलिलिटर पाणी बाहेर यायला किती वेळ लागतो ते मोबाइलवर मोजा. खोली बरोबर १०० मायक्रॉन असेल तर २० अंश तापमानाच्या पाण्याला साधारण सव्वाचार ते साडेचार मिनिटं लागतात. खोली ९० मायक्रॉन झाली असेल तर सहा मिनिटांच्या आसपास. फरक डोळ्याला दिसत नाही, घड्याळाला दिसतो.

तापमानही लिहून ठेवा. ३० अंशांचं पाणी २० अंशांच्या पाण्यापेक्षा साधारण २० टक्के पातळ असतं. सकाळी मोजलेली चिप आणि एप्रिलच्या दुपारी मोजलेली चिप यांची तुलना केलीत तर फसाल.

गळती तपासायची सोपी युक्ती म्हणजे सायकलचं पंक्चर. एक भोक बंद करा, दुसऱ्यातून सिरिंजने हलकी हवा भरा आणि चिप पाण्यात धरा. बुडबुडा आला, चिप बाद.

हिशेब करू

आकडे समजण्यापुरते धरलेत, तुम्ही तुमच्या बाजारातले घाला.

एका ए-४ शीटवर अंतर सोडून १८ चिप बसतात. शीट आणि टेप मिळून ₹१८० धरा. तीन तासांची मजुरी, ताशी ₹१०० प्रमाणे ₹३००. एकूण ₹४८०. सगळ्या १८ पास झाल्या तर एक चिप पडली साधारण ₹२७ ला. १२ च पास झाल्या तर ₹४० ला. माल तोच, मजुरी तीच, फक्त सहा चिप बाद झाल्या आणि खर्च जवळजवळ दीडपट! म्हणून स्वस्त टेप शोधायच्या आधी बाद होणाऱ्या चिप कमी करा. रोज वही ठेवा: टेपचा लॉट, ब्लेड कधी बदललं, किती बनल्या, किती बाद, कशामुळे बाद. पुढच्या ऑर्डरला ही वहीच तुमचं सर्टिफिकेट ठरते.

काय विकायचं, काय विकायचं नाही

मार्च २०२० च्या अखेरीस कोरोनाचे वीसहून अधिक रुग्ण सापडले आणि इस्लामपूरचं नाव राज्यभर झालं. नमुना पाठवायचा आणि अहवालाची वाट बघायची, ते दिवस आपलं गाव विसरलेलं नाही. पुढे मे २०२१ मध्ये पुण्याच्या मायलॅबच्या कोव्हिसेल्फ या घरच्या घरी करायच्या चाचणीला आयसीएमआरने मान्यता दिली. किंमत ₹२५०, उत्तर १५ मिनिटांत. त्या पट्टीतही पंप नाही. कागदासारख्या पडद्यातून द्रव आपोआप ओढला जातो, कागदी चिपची सख्खी बहीणच ती.

हे ऐकून काहींच्या मनात येईल, आपणही शुगरची, कावीळची पट्टी काढू. थांबा! माणसाच्या रोगाचं निदान करणारी वस्तू मेडिकल डिव्हाइसेस रूल्स, २०१७ खाली येते. धोक्यानुसार ए, बी, सी, डी असे वर्ग आहेत. ए आणि बी राज्याच्या परवाना अधिकाऱ्याकडे, आपल्याकडे एफडीएकडे. सी आणि डी दिल्लीच्या केंद्रीय औषध नियंत्रण संस्थेकडे. कायदा बाजूला ठेवला तरी विचार करा. २७ टक्के चुकलेल्या प्रवाहाची चिप कॉलेजच्या प्रयोगात गेली तर मास्तर परत पाठवतील. तीच चिप एखाद्या माउलीच्या रक्ताला "सगळं ठीक" म्हणाली तर ती दवाखान्यात जायची थांबेल. त्या चुकीची भरपाई बिलात होत नाही.

म्हणून सुरुवात अशी करा.

पहिली पायरी, शिकवण्याच्या चिप. आपल्या शेजारी राजारामनगरला आरआयटी आहे, सांगलीला वालचंद आहे, कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ आहे, फार्मसीची कॉलेजंही आहेत. संगम चिप, रंग, नळ्या आणि मराठी-इंग्रजी सूचनापत्रक असा संच नमुन्याला घेऊन जा. ऑर्डर मिळेल असं धरून माल बनवू नका. आधी विभागप्रमुखांना विचारा, प्रयोगात काय अडतंय.

दुसरी पायरी, संशोधकांना त्यांच्या डिझाइनची चिप कापून देणं. त्यांना दहा नगच हवे असतात, पण लवकर हवे असतात. मोठी कंपनी दहा नगांसाठी थांबत नाही, तुम्ही थांबू शकता.

तिसरी पायरी, निदानाबाहेरची तपासणी. आपला भाग दुधाचा. आयआयटी मद्रासच्या गटाने कागदाचं त्रिमितीय उपकरण केलंय. युरिया, डिटर्जंट, स्टार्च अशी दुधातली भेसळ ते सुमारे ३० सेकंदांत दाखवतं. असं काही करायचं असेल तर शास्त्रज्ञ बरोबर हवा. पुण्यात एनसीएलच्या आवारातलं व्हेंचर सेंटर अशा कल्पनांना प्रयोगशाळा आणि मार्गदर्शन देतं. नवी कल्पना खरोखर दमदार असेल तर बायरॅकचं बिग अनुदान आहे, ५० लाखांपर्यंत. पण अनुदान कल्पनेला मिळतं, प्लॉटरला नाही, हे लक्षात ठेवा.

या आठवड्याचा गृहपाठ

नवीन मशीन घेऊ नका, कर्ज तर नकोच. ज्याच्याकडे प्लॉटर आहे त्याने, ज्याच्याकडे नाही त्याने ओळखीच्या रेडियमवाल्याकडे बसून, सरळ नळीच्या दहा चिप बनवायच्या. प्रत्येकीला नंबर द्यायचा. १ मिलिलिटरला लागलेला वेळ, तापमान आणि गळती वहीत लिहायची. सर्वांत वेगवान आणि सर्वांत संथ चिपमध्ये किती टक्के फरक आला ते काढायचं.

फरक १० टक्क्यांच्या आत आला तर कॉलेजच्या दारात जायला हरकत नाही. ३०-४० टक्के आला तर निराश होऊ नका, आधी ब्लेड बघा, मग टेप बघा, मग रोलरवरचा हात बघा. एका वेळी एकच गोष्ट बदला आणि पुन्हा दहा बनवा. दहा सारख्या चिप निघाल्या की तुमच्या प्लॉटरला नवं काम मिळालं असं समजा.

पुढच्या धड्यात स्क्रीन प्रिंटिंगची जाळी आणि मेण घेऊन कागदी चिप करू. तोपर्यंत वही तयार ठेवा. भेटू!